ओल्या फरशीमुळे पहिला आलेला अल्बम

…त्या सकाळी दूध तापवून झालं होतं, कपडे पिळून दोरीवर गेले होते, आणि पुढच्या खोलीची फरशी मी दारापासून टेबलापर्यंत अर्धीच पुसली होती. अर्धी ओली, अर्धी कोरडी. टेबलाच्या कडेकडेनं पानांच्या बारा थप्प्या गोल मांडलेल्या होत्या. जुळवणीला, म्हणजे टेबलाभोवती फिरत प्रत्येक थप्पीतलं एकेक पान उचलायला, मी नेहमी दाराच्या बाजूनं निघायची. त्या दिवशी तिकडे ओलं होतं, म्हणून कोरड्या बाजूनं निघाले. झालं ते एवढंच. पण तेवढ्यासाठी हे मृत्युपत्र अकरा वर्षं रेंगाळलं.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्राची सुरुवात फरशीनं होत नाही."

मी म्हटलं, "माझ्या घरात सगळ्याचीच सुरुवात फरशीनं होते."

आता त्यांच्या समाधानासाठी रीतसर लिहिते.

मी खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असं समजलं. मला कुणी धाक घातलेला नाही, गोड बोलून फूसही लावलेली नाही. गोड बोलणारं माणूस आठ वर्षांपूर्वी गेलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही. मी शाळेत गेले नाही. बांधणीला आलेल्या पुस्तकांच्या सुट्या पानांवर वाचायला शिकले. पानं येतील तशी वाचायची, त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की गोष्ट मध्येच तुटून भलतीकडे सुरू होते ही लेखकांचीच खोड आहे. हे अक्षर माझं आहे. वाकडं आहे, पण माझं आहे.

कलम १. घर. दोन खोल्या आणि वरची गच्ची माझ्या मुलीला. बँकेत जे काही असेल तेही तिलाच. ती फटकळ आहे, पण हिशेबाला आणि शब्दाला पक्की आहे. पुढच्या खोलीतलं टेबल हलवायचं नाही. हलवायचंच झालं तर पाय सोडवून हलवावं, दारातून ते सबंध निघत नाही. हे मी आणि ह्यांनी एकदा अर्धा दिवस घालवून सिद्ध केलं आहे.

कलम २. हत्यारं. लाकडी दाबयंत्र, कागद कापायची मोठी सुरी, सुया, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं आणि घडी घालायची हाडाची पट्टी, हे सगळं ज्याला काम येतं त्याला द्यावं. नातेवाइकाला नको. नातेवाईक त्या पट्टीनं पाठ खाजवतील.

कलम ३. मोठं पातेलं. हे माझ्या ताब्यात नाही. जाऊबाईंनी त्यांच्या मुलीच्या बारशाला नेलं, ती मुलगी आता नोकरीला लागली. तरी मालकी माझी आहे, असं इथे नोंदवते. ते जाऊबाईंनाच ठेवायला देत आहे. परत मागू नये. फक्त त्यांनी "आमचं पातेलं" म्हणायचं बंद करावं.

कलम ४. वर्षाची यादी. हिच्यासाठीच एवढा खटाटोप, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या ह्यांना दोनच गोष्टींचं वेड होतं, कागद आणि गाणं. दर महिन्याला ते कोपऱ्यावरच्या तबकडीवाल्याकडून नुकताच आलेला एक अल्बम आणायचे. तो महिनाभर काम करता करता ऐकायचा आणि निळ्या वहीत शेरा लिहायचा. वर्षाअखेरीस बारांचा क्रम लावायचा. मग एकेका पानावर एकेका अल्बमचं परीक्षण सौम्य शब्दांत छापून घ्यायचं (खरा शेरा वहीतच राहायचा), दोनशे प्रती बांधायच्या आणि गिऱ्हाइकांना, ओळखीच्यांना वाटायच्या. चौतीस वर्षं त्यांनी यादी काढली. त्यानंतरच्या आठ मी काढल्या, त्याच वहीत.

मोजमाप असं. बांधणीसाठी रोज चुलीवर पिठाची खळ शिजवावी लागते आणि ती सारखी ढवळावी लागते. अल्बम ऐकताना हात चालू राहिला, तर अल्बम बरा. हात थांबला, तर चांगला. आणि माणूस भान हरपून खळ बुडाला लागली, जळका वास आला, तर तो पहिला. ह्यांच्या वहीत सगळ्यात मोठी शाबासकी दोन शब्दांची आहे : "खळ लागली." माझी भांडी घासून घासून पातळ झाली ती ह्याच पायी.

दुसरा नियम, यादीत आकडे छापायचे नाहीत. हे म्हणायचे, "आकडा टाकला की लोक आकडाच बघतात. वरचं पान पहिलं, खालचं शेवटचं. क्रम हाच निकाल." दोनशे गिऱ्हाइकांना ते पाठ होतं.

यापुढे यादी माझ्या मुलीनं काढावी. तिला खळ शिजवता येत नाही, तिनं दूध ठेवावं. दुधाचंही तसंच आहे.

कलम ५. या वर्षीचे बारा. निकाल लागला आहे. तबकड्यांची वाटणी क्रमानं करते, खालून वर, म्हणजे कुणी वरचं वाचून कागद मिटणार नाही.

बारावा : एका नावाजलेल्या गायकाचा, चार वर्षांनी आलेला. पहिल्या गाण्याआधीच टाळ्या भरल्या आहेत. माणसानं जेवायला बसण्याआधीच ढेकर द्यावी तसं. हा समोरच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीला द्यावा, त्यांना न ऐकता टाळ्या वाजवायची सवय आहे.

अकरा ते आठ ठीक आहेत. हात चालू राहिला. तबकडीवाल्याला परत द्यावेत, त्याच्या दुकानात ते शोभतात.

सातवा : पोरसवदा मुलीचा. आवाज कोवळा, शब्द तिनं स्वतः लिहिलेले, पण प्रत्येक गाण्यात ती खिडकीतच उभी. सहाव्या गाण्याला मला वाटलं, बाई, आता जरा दार उघड आणि बाहेर जा. पुढच्या वेळी जाईल. हा माझ्या नातीला, तीही खिडकीतच असते.

सहावा आणि पाचवा मुलीला. त्यांत नाचायला येतं. तिनं नाचावं.

चौथा : नुसता तालवाद्यांचा, गाणारं कुणी नाही. जुळवणीला याच्याइतका चांगला सोबती नाही, पावलं आपोआप पडतात. ज्याला हत्यारं मिळतील त्यालाच हाही मिळावा.

तिसरा : ऐंशीच्या पुढच्या एका बाईंचा. स्वयंपाकघरात बसून गायल्या आहेत, मागे झाकण पडल्याचा आवाज तसाच ठेवला आहे. एके ठिकाणी त्या विसरतात, "थांब गं" म्हणतात आणि पुन्हा उचलतात. हात थांबला. हा जाऊबाईंना, पातेल्यासकट.

दुसरा : दोघा गायकांचा, एकमेकांना जागा देत गायलेला. एवढा समजूतदार संसार मी फार थोड्या घरांत पाहिला. हा ह्यांच्या फोटोपाशी ठेवावा. ह्यांनी याला पहिला दिला असता आणि आमचं भांडण झालं असतं. आठ वर्षं झाली, भांडायला समोर कुणी नाही. दर डिसेंबरात एवढीच एक जागा दुखते, बाकी मी बरी आहे.

पहिला : क्लॅरिनेटचा. खळ लागली. दोनदा. दुसऱ्यांदा तर मी ठरवून ढवळत होते. वाजवणारे माझे धाकटे दीर आहेत, आणि सगळी पंचाईत तिथेच आहे.

कलम ६. निळी वही. अकरा वर्षांपूर्वी भाऊजींनी पहिला अल्बम काढला. त्याआधी दोन वर्षं भावाभावांत बोलणं नव्हतं. कारण हे त्यांना तोंडावर म्हणाले होते, "तू लोकांसाठी वाजवत नाहीस, आरशासाठी वाजवतोस." त्या वर्षी ह्यांनी तो अल्बम प्रामाणिकपणे तीनदा ऐकला आणि बारावा लावला. वहीतला शेरा जसाच्या तसा : "भाऊ आहे म्हणून तीनदा ऐकला. खळ उत्तम झाली."

मग ती सकाळ आली. हे दोन दिवस छापखान्यात अडकले होते, जुळवणी माझ्या एकटीवर. मी कोरड्या बाजूनं निघाले, म्हणजे बाराव्या थप्पीपासून, आणि उलटी फिरत पहिलीपर्यंत आले. शिवलं, पुठ्ठे चिकटवले, गिऱ्हाइकांच्या पुस्तकांबरोबर प्रती रवाना केल्या. आकडे नव्हतेच, पाहणार काय? ज्याचा निकाल पहिला तो शेवटी गेला, आणि ज्याची खळ उत्तम झाली तो सगळ्यांच्या वर.

तिसऱ्या दिवशी भाऊजी दारात. हातात यादी, डोळे भरलेले. "दादा," एवढंच म्हणाले आणि ह्यांच्या पाया पडले. ह्यांनी यादी उघडली, वरचं पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

"बस," हे म्हणाले. "चहा घेऊन जा."

भाऊजी गेल्यावर मला विचारलं, "उलटी फिरलीस?"

"ओलं होतं."

हे इतके हसले की ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाले, "दोन वर्षं मला जे जमलं नाही ते तुझ्या फडक्यानं केलं. राहू दे." ते राहिलं. पुढची तीन वर्षं दोघे भाऊ दर रविवारी एकत्र बसले. मग हे गेले. भाऊजींनी ते पान काचेत बसवून बैठकीच्या खोलीत लावलं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात : "आमच्या दादानं कुणाला सहजासहजी पहिलं ठेवलं नाही." मी शेजारी बसून मान डोलावते. आठ वर्षं डोलावते आहे.

यंदा त्यांनी दुसरा अल्बम काढला. तबकडी स्वतः घेऊन आले.

"वहिनी, ऐका. पण यादीत कुठेही घाला हं, माझी काही हरकत नाही."

"कुठेही म्हणजे?"

"अहो, दादाचा पहिला मिळाला तेव्हाच माझं पोट भरलं. आता तुम्ही पहिला दिलात तरी लोक म्हणणार, वहिनीनं दिराला सांभाळून घेतलं. आणि मलाही तसंच वाटणार."

"म्हणजे माझ्या कानावर विश्वास नाही?"

"तुमच्या मायेवर फार आहे," ते हसत म्हणाले, "तीच तर भीती आहे."

ते गेले आणि मी तबकडी लावली. आरसा कुठेच नव्हता. माणूस श्वास घेतो आणि तो श्वास आपल्यापाशी आणून ठेवतो, असं वाजवलं आहे. जळका वास आला तेव्हा मी टेबलाला धरून उभी होते. अकरा वर्षांत हा माणूस एवढा मोठा वाजवणारा झाला आणि त्याला ते सांगायची सोय मी ठेवली नव्हती. खोटा पहिला काचेत बसलेला, खऱ्या पहिल्याला जागा कुठली?

म्हणून आधी हे कलम असं लिहिलं होतं : ~~"निळी वही माझ्या पश्चात न उघडता जाळून टाकावी."~~

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "न उघडता जाळा म्हणून लिहिलंत, तर पहिल्यांदा तीच उघडतील."

मग असं लिहिलं : ~~"निळ्या वहीतली गोष्ट माझ्या पश्चात मुलीनं काकांना सांगावी."~~

"हे चालेल," वकीलसाहेब म्हणाले. "कायद्यानं काही अडचण नाही."

कायद्यानं नसेल. पण फटकळ मुलगी काय सांगेल ते मला ऐकू आलं : "काका, तुमचा नंबर फडक्यानं आला." आणि तेव्हा हसायला हे नसतील, समजवायला मी नसेन. जुळवणी मी चुकवली, पानं दुसऱ्यानं का लावायची? दोन्ही ओळी मी माझ्या हातानं खोडल्या आहेत, खोडलेल्या जागी सही केली आहे. कलम सहा आता एवढंच समजावं : निळी वही मी कुणालाही देत नाही. तिचं काय करायचं ते मी जिवंतपणी करीन.

भाऊजींना वेगळं काही देत नाही. त्यांचा अकरा वर्षांपूर्वीचा अल्बम मी परवा पुन्हा ऐकला; माझ्या कानाला तो नववा आहे. बारावा म्हणणं हा ह्यांचा राग होता.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्यानं वाचला, आणि तो दोघा साक्षीदारांसमोर सही करून पक्का केला. साक्षीदारांना यातलं काही मिळत नाही, त्यांना यादीची एकेक प्रत मिळेल, सुलट फेरीची.

सही : बांधणीवाली (डाव्या हाताला खळ लागली आहे, ठसा कुणाचा म्हणून विचारू नये)

साक्षीदार १ : शेजारचे चष्मेवाले. सही केली.
साक्षीदार २ : दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. सही केली, आणि "प्रकृती ठणठणीत" असं न विचारता लिहिलं.

ठिकाण : पुढची खोली, टेबलापाशी.
तारीख : एकोणतीस डिसेंबर, सोमवार, सकाळी अकरा.

पुरवणी. दुसऱ्या दिवशी कामं आवरून मी निळी वही पिशवीत घातली, चालत भाऊजींच्या घरी गेले, त्यांना समोर बसवून वहीतलं अकरा वर्षांपूर्वीचं बारावं पान मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मग या वर्षीचं पहिलं.