अर्पाचं निळं पातळ

परळ,
३ मे १९६०

प्रिय लतिका,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही ते नाटकाच्या गडबडीमुळे, असं मी मनमोहनला सांगत आले आणि तुलाही तेच सांगणार होते. पण ऐंशी माणसांचे कपडे शिवून झाले, दोन्ही प्रयोग पार पडले, मशीनवर कापड घातलं, आणि आता माझ्यापाशी सबब उरलेली नाही. तेव्हा चहा घेऊन निवांत बस. तुझ्या सासूला मुद्द्यावर यायला किती वेळ लागतो ते तुला ठाऊकच आहे.

तुझा भाऊ मनमोहन फेब्रुवारीत येऊन गेला. खुर्चीच्या कडेवर बसला होता, माझ्या आग्नेलोच्या हार घातलेल्या फोटोकडे बघायचं टाळत होता, आणि मग एका दमात सगळं बोलून मोकळा झाला. तुझ्या शाळेतल्या कमलाकांत मास्तरांनी तुला मागणी घातली आहे, घरात सगळ्यांना पसंत आहे, पण तू म्हणतेस की आई हो म्हणाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. मी त्याला नानखटाई दिली. ज्यांना कधी पाहिलं नाही त्या कमलाकांतांची तब्येत विचारली. आणि म्हटलं, नाटक होऊ दे, मग बघू. बिचारा मान हलवून गेला. जिना उतरताना त्याने दोनदा वर बघितलं, ते मी पडद्याआडून पाहिलं.

नाटक म्हणजे लॉरेन्सचं. आग्नेलोच्या जोडीने हॉटेलात गिटार वाजवणारा आपला लॉरेन्स, त्याच्या डोक्यात गेल्या वर्षी खूळ शिरलं की बायबलातली रूथची गोष्ट रॉक अँड रोलवर बसवायची, तीही मराठीत, आणि चर्चच्या मैदानात. दोन इलेक्ट्रिक गिटारी, ड्रम, सॅक्सोफोन, लग्नाचा ब्रास बँड, मातीच्या मडक्याचं घुमट वाजवणारे आपले घुमटवाले, साठ गाणाऱ्यांचा कॉयर, आणि कापणीच्या प्रवेशाला खालच्या मजल्यावरच्या कोंडीरामचं गिरणीतलं लेझीम पथक. वसईहून दोन ट्रक पेंढा आणला. फादर म्हणाले, रॉक अँड रोल करा, पण कंबर हलता कामा नये. लॉरेन्स म्हणाला, फादर, माणसं शेत कापणार आहेत, कंबर वाकवल्याशिवाय कसं कापतील? पहिल्या तालमीला गिटारी लावल्या आणि अख्ख्या चर्चचे दिवे गेले. आमच्यातल्या म्हाताऱ्यांनी हे सैतानाचं संगीत म्हणून कपाळाला क्रूस केला, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या खुर्च्या धरून बसल्या. त्यात मीही होते, हे सांगायला नको.

गोष्ट तू विसरली असशील. तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी मटार सोलताना मी तुला ती सांगितली होती. नामीचा नवरा जातो, दोन्ही मुलगे जातात, परक्या मुलखात म्हातारी आणि तिच्या दोन विधवा सुना उरतात. नामी आपल्या गावी, बेथलेहेमला निघते आणि सुनांना सांगते, माहेरी जा पोरींनो, नवे संसार करा. रूथ ऐकत नाही, सासूबरोबर जाते. दुसरी सून अर्पा. ती रडते, सासूचा मुका घेते आणि माहेरी परत जाते. तिथून पुढे बायबलात तिचं नावसुद्धा नाही. रूथला शेत मिळतं, नवरा मिळतो, मूल होतं. लॉरेन्सनेही तेच केलं, रूथला चार गाणी आणि अर्पाला नुसती मान खाली घालून जायची वाट. आणि मला ते अगदी बरोबर वाटलं होतं, लतिका. गेली ती गेली.

आग्नेलो गेल्यानंतर तू माझ्यापाशी दोन वर्षं राहिलीस. ख्रिस्ती मुलाशी लग्न केलंस म्हणून तुझे वडील, अण्णा, तुझ्याशी बोलत नव्हते, आणि त्यांचं अंग लुळं पडलं तेव्हा त्यांनी तुझंच नाव घेतलं. महिन्याभरासाठी म्हणून तू गिरगावात गेलीस. तू निघालीस तेव्हा मी दारात आले नाही, दूध उतू जाईल म्हणून आतूनच ओरडले. दूध अजून यायचं होतं. तुझं निळं पातळ दांडीवर वाळत होतं ते तसंच राहिलं. मी ते घडी करून कपाटात ठेवलं आणि दर महिन्याला ऊन दाखवत राहिले, म्हणजे तू आलीस की लगेच नेसता यावं.

अर्पाचं काम कोंडीरामच्या मालनला दिलं. तिला काय नेसवायचं हा प्रश्न आला आणि मी कपाटातून तुझं निळं पातळ काढलं. का काढलं ते विचारू नकोस. बायका कमी, म्हणून मालनलाच पुढे कापणीच्या प्रवेशात बेथलेहेमची बाई म्हणून उभं राहायचं होतं. त्यासाठी मी तिला लाल चौकड्यांचं लुगडं काढून ठेवलं होतं.

पहिला प्रयोग चोवीस एप्रिलला झाला. मैदान गच्च भरलं होतं, परळ-लालबागची माणसं कुंपणावर चढून बसली होती. अर्पा गेली, गिटारी दणाणल्या, आणि कपडे बदलायच्या खोलीत मालन माझ्याकडे हात पसरून उभी. टोपलीत लाल लुगडं नाही. चाळीस लुगडी मी बोटं घालून मोजली होती, आणि ते एक माझ्या पलंगावर घडी घालून राहिलं होतं. वेळ नव्हता. पोरगी तशीच, निळ्या पातळात, लेझीमवाल्यांच्या मागून शेतात शिरली.

लोकांना वाटलं, अर्पा परत आली! मागून कोणीतरी ओरडलं, आली रे आली, सासूकडे आली, आणि साऱ्या मैदानाने टाळ्यांचा कडकडाट केला. बायका डोळे पुसायला लागल्या. लॉरेन्स गिटार वाजवता वाजवता माझ्याकडे बघून ओठांनीच विचारत होता, आंटी, ही परत कशी आली? आणि मी, या सगळ्या घोटाळ्याची धनीण, विंगेत उभी राहून हसत होते. पेंढ्यातून ते निळं पातळ माझ्याकडे चालत येत होतं आणि मला इतका आनंद झाला होता की छातीवर हात धरावा लागला.

घरी आले, पलंगावर ते लाल लुगडं दिसलं, आणि मी ते मांडीवर घेऊन बसले. मी काही विसरत नाही, तुला माहीत आहे. धोब्याने तोडलेली बटणंसुद्धा माझ्या लक्षात असतात. ते लुगडं मी विसरले नव्हते. मला अर्पा परत यायला हवी होती.

शनिवारी कन्फेशनला गेले. लुगड्याचं सांगायला गेले होते, पण जाळीपलीकडे फादर गप्प बसले की माणूस आपोआप पुढचं बोलतो. सगळं ऐकून ते म्हणाले, बीट्रिस, देवाची क्षमा मिळेल, पण जिची वस्तू तू ठेवून घेतलीस तिला ती परत करावी लागेल. ते पातळाबद्दल बोलत नव्हते.

तिथून मी सरळ लॉरेन्सकडे गेले आणि म्हटलं, रूथला चार गाणी, त्या दुसरीला एक ओळ नाही? एका दिवसात बसव. तो कुरकुरला आणि बसवलंन. एक मेच्या प्रयोगाला बाहेर रस्त्यावर तोरणं, दिवे, गुलाल, आपलं राज्य झालं म्हणून माणसं नाचत होती. आत अर्पा निघाली तेव्हा गिटारी थांबल्या, नुसतं घुमट वाजत राहिलं, आणि नामी तिला वेशीपर्यंत पोचवायला आली. तिच्या गाण्याची पहिली ओळ मी सांगितलेली आहे: सांभाळून जा पोरी, वाटेत नदीला पाणी आहे. त्या दिवशी दारात येऊन मी तुला एवढं तरी म्हणायला हवं होतं. मालन खोलीत आली, मी तिला लाल लुगडं दिलं आणि निळं पातळ घडी करून टोपलीत ठेवलं. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आता मी तुझं काय ठेवून घेतलं ते सांगते. छप्पनच्या जानेवारीत, दंगलीच्या कर्फ्यूत, आग्नेलोचं पोट दुखून तो काळानिळा पडला, तेव्हा लॉरेन्स आणि कोंडीरामने त्याला हातगाडीवर घातलं. तुला मी घरी थांबवलं, दोघी बायका बाहेर नकोत म्हणून. दवाखान्याच्या दारातच त्याने प्राण सोडला. तू मला कितीदा विचारलंस, आई, काही म्हणाला का? मी म्हटलं, शुद्धीत नव्हता. लतिका, तो शुद्धीत होता. गाडीला धरून मी धावत होते, आणि त्याने माझं बोट धरून सांगितलं, लतिकाला माझ्या फोटोपुढे बसवून ठेवू नकोस, आई, ती हसते तेव्हा फार चांगली दिसते. चार वर्षं हे मी गिळून बसले, कारण ते सांगितलं की तू जाणार. ते तुझं होतं, आज तुला परत करते. माझ्यावर रागाव, हवं तितकं रागाव, पण कमलाकांतांना हो म्हण. पातळ सोबत पाठवत नाही, ते मी स्वतः घेऊन येईन. आणि आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीचं पाणी वाजतगाजत आणतात ते तुला आठवतं, तू नखशिखांत भिजली होतीस आणि आग्नेलो हसून हसून दमला होता. तशी एक कळशी मी तुझ्यासाठी आणणार आहे, लॉरेन्स घुमट वाजवेल. तुमच्यात चालतं का ते मनमोहनला विचार. नाही म्हणाला, तरी मी दारात उभी असेन.

तुझीच,
आई