ओट्यावरची चौथी टाइल

४ ऑगस्ट, सोमवार
सकाळी सातला मागची अर्धी लाइन गेली. स्वयंपाकघर, बाथरूम, ह्यांची खोली. पुढचं सगळं चालू. एमसीबीचा खटका पडलेला नाही. ढग भरलेले, पोळ्या जवळजवळ अंधारात.
हे कॉटवरूनच, "टेस्टर आण." अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले, डावा हात अजून लुळा. पण चाळीस वर्षं वायरमनकी केलेला माणूस स्वस्थ बसेल तर शपथ. फ्रिजच्या प्लगात टेस्टर मीच घातला, डोळे मिटून. दोन्ही भोकांत पेटला.
"परतीची वायर तुटलीय, न्यूट्रल. चुलीच्या वर बॉक्स हाय, त्यातला जॉइंट."
शाळेत उशीर. हेडबाईंनी माझ्याकडे नाही, घड्याळाकडे पाहिलं.

५ ऑगस्ट
शफीकला बोलावलं. ह्यांच्या हाताखाली शिकलेला. आता पदरी चार माणसं, पंचेचाळिशी उलटली, तरी ह्यांना वस्तादच म्हणतो. बोर्ड उघडला आणि कपाळावर हात मारला. लोकांच्या घरी हे वायरच्या रंगाला पक्के. स्वतःच्या घरात मात्र साइटवर उरलेले तुकडे ओढलेत. कुठे लाल वायर न्यूट्रल, कुठे काळीत फेज. कुठली कशाची ते फक्त ह्यांच्या डोक्यात.
हे भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आले. "हितं. चुलीच्या वर."
तिथे नुसत्या टाइल. श.ने टकटक करून पाहिलं. सगळीकडे भरीव.
"वस्ताद, दुसऱ्या कुठल्या घरचं आठवत असेल तुम्हाला."
"माझं घर हाय हे."
हे भिंत धरत परत कॉटवर गेले. श. म्हणाला, गुरुवारी दुरुस्तीसाठी पाचपर्यंत तशी लाइट नसतेच, येऊन भिंतीवरून नवी पट्टी मारतो, त्यातून वायर ओढतो. जुनी लाइन सोडून देऊ.

लिहूनच टाकते. हे दवाखान्यात होते तेव्हा ओटा नवा करून घेतला. घरी आले की खूश होतील म्हणून. टाइलवाल्याने विचारलं होतं, बाई, हे पांढरं झाकण ठेवायचं का? घाण दिसत होतं. म्हटलं, बुजव आणि वर टाइल लाव. खिडकीकडून चौथी.
आज तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं.

६ ऑगस्ट
का गिळलं? ह्यांनी कोपऱ्यावरच्या बंगल्याचं काम धरलं होतं. येत्या सोमवारपासून. "नुसतं बघायला जाणार." मी ओळखते ना! पहिल्याच दिवशी शिडीवर चढतील. डॉक्टर नको म्हणाले, निलेश पोरगा असून फोनवरून ओरडला, मी हात जोडले. ढिम्म. आणि काल श.च्या एका वाक्याने माणूस गप्प. आज सकाळी स्वतःहून बंगलेवाल्यांना फोन, जमणार नाही.
मला बरं वाटलं. लाज वाटतेय, पण वाटलं.
निलेशचा फोन. "आई, बाबांना विसरायला होतंय का? डॉक्टरांना सांग." मी हं म्हटलं. हं! पोटच्या पोराशी.

संध्याकाळी – चारला लाइन आपोआप आली. एक सुस्कारा टाकला. साडेपाचला भाजी चिरत होते तर जळका वास. गॅस पेटवलेलाच नव्हता. टाइलवरून हात फिरवला. तीन गार. चौथी कोमट. धावत जाऊन एमसीबी पाडला.
"काय झालं गं?"
"काही नाही."
आता लाइन बंदच ठेवायची. उद्या पट्टी लागली की संपलं. कोणाला कधीच कळणार नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार
किरकोळ रजा टाकली.
चहा घेऊन गेले तर हे हत्यारांची पिशवी पुढ्यात घेऊन बसलेले. एका हाताने पकडी पुसत होते. "शफीकला देऊन टाकतो. माझ्या डोक्याचा भरवसा राहिला न्हाई. कुणाच्या घरात उलटं जोडीन, जीव जाईल एखाद्याचा." चिडून म्हणाले असते तर सोसलं असतं.
श. दहाला आला. पट्ट्यांचा गठ्ठा टेकवला, मेन बंद केला. मी ओट्यापाशी गेले. "आधी ही फोड."
"वहिनी, नव्या टाइल आहेत."
"फोड म्हणते ना."
चार घाव. सिमेंटचा पोपडा, मग झाकण, कडेने वितळलेलं. आतला जॉइंट कोळसा.
"वस्ताद!" श. एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या वहिनी दारात आल्या.
हे आले. वाकले. आतल्या नऊ तारा, नऊ रंग. एकेकीवर बोट ठेवत गेले. ही गीझरची. ही माझ्या खोलीची. हा लाल न्यूट्रल, हाच जळलाय. श. बॅटरी आणि छोटा बल्ब लावून पडताळत गेला. एकही चुकली नाही. मला रडू यायला लागलं, मी कांदे चिरायला घेतले.
श.ने जॉइंट नवा केला. जाताना पिशवीला हात लावला नाही, ह्यांच्या पायांना लावला.
तो गेल्यावर हे खुर्ची ओढून त्या भोकासमोर बसले. मग म्हणाले, "मी चुलीच्या वर म्हणलो हुतो. कुठली टाइल ते म्हणलो न्हवतो."
मी भांडी विसळत राहिले.
"तुला ठावं हुतं."
"हो."
"निलेश काल लई जपून बोलला माझ्याशी. त्यालाबी सांगितलंस, बाप विसरतोय?"
त्यालाही हो म्हटलं.
पाचला लाइट आली. मागच्या सगळ्या खोल्यांत आली. हे उठून आत गेले, दार लोटून घेतलं. शिडीचं, माझ्या भीतीचं, काहीच सांगता आलं नाही. आत्ता आतून फोनवर बोलण्याचा आवाज येतोय. बंगलेवाल्यांशी की निलेशशी, इथून कळत नाही.