अभ्रकाची खिडकी

बाई,

पिंपरीच्या निर्वासित छावणीतलं तुमचं स्वयंपाकघर नेमकं कुठे होतं, तेही आता कळत नाही. परवा तिकडून गेले, तर नुसती दुकानं. मला मात्र ते अजून दिसतं. रविवारची दुपार आहे. कॉलेजची प्रयोगशाळा बंद, म्हणून तुम्ही कण मोजायची पितळी नळी पोळपाटाशेजारी मांडली आहे. नळीत मधोमध केसासारखी तार, एका तोंडाला अभ्रकाचा पापुद्रा. किरणोत्सारातले अल्फा कण साध्या कागदानंही अडतात, त्यांना आत यायला कागदाहून पातळ खिडकी हवी. तुम्ही सुईनं अभ्रक सोलायचात, नळीतली हवा काढू लागलं की तो फुटायचा, आणि तुम्ही पुन्हा सोलायला बसायचात. कराची सोडताना बोचक्यात भौतिकशास्त्राची पुस्तकं बांधून आणलेली बाई तुम्ही.

आई गेल्यापासून आमच्या चिंचवडच्या घरात कुणी फारसं बोलत नसे. वडील मला तुमच्याकडे शिकवणीला पाठवत ते परीक्षेपुरतं, पुढे माझं लग्न बघायचं होतं.

कण शिरला की तारेत उठणारा इवलासा विजेचा ठोका मोठा करायला तुम्ही रेडिओचे व्हॉल्व्ह जोडले होते. ते फार हळवे. कुणी पाय आपटला तरी स्पीकर वाजे. म्हणून स्टोव्ह विझवायचा, हलायचं नाही. एकदा माझे हात किणकिणले आणि तुम्ही चिडलात, "बेटा, आपण कण मोजतोय की बांगड्या?" मी त्या उतरवल्या. मग तुम्ही जुन्या घड्याळाचा, रेडियम लावलेला चमकणारा काटा खिडकीशी धरलात. टक्. टक्-टक्. मला वाटलं, जमलं. तुम्ही हसला नाहीत. वहीचं पान मध्ये सरकवलंत, आणि सगळं शांत झालं. पान काढलं, ठोके पुन्हा सुरू. तेव्हा कुठे तुम्ही माझा हात घट्ट धरलात.

त्यानंतर तुम्ही आमच्या घरी आलात. मुंबईच्या संशोधन संस्थेत मुलींनाही घेतात, हे वडिलांना समजावत राहिलात. ते म्हणाले, "तिला आई न्हाई. परक्या गावात कोण बघंल तिच्याकडं?"

"मी बघेन," तुम्ही म्हणालात.

आणि मी मुंबईला गेल्यावर तिथे येत राहिलात, टायफॉइडनं तुम्हाला नेलं तोवर. तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं.

जन्मभर मी हेच काम केलं. आता नखाएवढी सिलिकॉनची चकती तेच कण टिपते. या विषयाची ओढ कशी लागली, असं विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी तुमच्या नळीची गोष्ट सांगते.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहिते. त्या वेळी मला कणांचं वेड नव्हतं, बाई. काम संपलं की तुम्ही स्टोव्ह पेटवून कांद्याची जाड कोकी, ती तुमची सिंधी रोटी, भाजायचात, "अजून एक घे" म्हणत माझ्या ताटात वाढायचात. मी त्यासाठी यायचे.