चौथी फ्रेम

१७ मार्च १९९७

'धूमकेतू'तला पहिला ऊ दीर्घ आणि शेवटचाही दीर्घ. कोशात पाहून घेतले. दहावी नापासाने पाहूनच लिहावे.

फोटो स्टुडिओचे मालक भरतेशअण्णा पुण्याहून फ्लॉपीवर आकाशाचा प्रोग्राम घेऊन आले. तारीख-वेळ टाकली की पडद्यावर तेव्हाचे आकाश! गावांच्या यादीत सांगली नाही. अक्षांश-रेखांश नकाशावरून काढून टाकले, दोनदा तपासले. अण्णा म्हणाले, "नवरीच्या तोंडावरचे डाग पुसायचे सोडून आता चंद्राचे पुसतोस काय रं?"

सध्या संध्याकाळी चांदणे असते. होळीनंतर अंधार. ३० तारीख, रविवार — धूमकेतू वायव्येला, चांगला वर. दंडोबाच्या डोंगरावरून फोटो काढायचा. ठरले!

१९ मार्च

वडिलांच्या, आप्पांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. २५ मार्च, मिरजेतच. पण नंतर महिनाभर त्यांना वारा-धूळ नको, डोळ्यात थेंब घालायला मी घरी हवा, म्हणे. म्हणजे डोंगर नाहीच.

आप्पा म्हणाले, "मग शेपटीवाला तारा? मला बी बघायचाय की."

मी विचारले, "आता दिसतं का पण?"

"दिसतंय की! सारा जलम रूळ तपासण्यात गेला. रुळाची ढिली चावी अजून लांबनं वळखतो."

आई भाकरी थापता थापता काहीतरी पुटपुटली. मी विचारले नाही.

२० मार्च

दवाखान्यात जाऊन तारीख रद्द करून आलो. सिस्टर म्हणाल्या, "आता उन्हाळा लागला, मग पावसाळा. दिवाळीनंतरच या." मी बरं म्हणालो. तारा थांबणार नाही, डोळे थांबतील — असे वाटले.

३१ मार्च

काल डोंगरावर गेलो होतो. आप्पा माझ्या खांद्याला धरून चढले. दिवस मावळला आणि तो दिसला — शेपूट वर, डोके खाली. स्टँडवर कॅमेरा, शटरची केबल दाबून धरायची, मनात वीस मोजायचे.

"आप्पा, दिसला?"

"दिसला रं! लय झ्याक!"

"सिग्नल पडला का त्याचा?" असेही आप्पा विचारत होते. हसू आले.

चौथ्या फ्रेमला स्टँड कड्याच्या कडेला नेला. खालून गाडीची शिट्टी झाली आणि आप्पांनी एकदम बॅटरी लावली. मी ओरडलो, "विझवा! सगळं वाया घालवलं!" ते दचकले. म्हणाले, "गाडी आली वाटलं." गँगमनची सवय. शिट्टी ऐकली की दिवा वर.

८ एप्रिल

चार दिवस हेच. निगेटिव्ह स्कॅन केल्या. एकेका फ्रेमचा थर दुसऱ्यावर ठेवायचा, ताऱ्यावर तारा बसवायचा, मग सगळ्यांची सरासरी. फिल्मचा रवाळपणा विरतो आणि शेपूट उजळते. कॉम्प्युटर दर वेळी अडतो. चौथी फ्रेम घेतली नाही. खराब.

१४ एप्रिल

जयंती. फोटो मोठा करून विहारात लावला, एक प्रत घरी. आप्पा येईल त्याला जयभीम घालून सांगत होते, "पोरानं काढलाय. मी ह्या डोळ्यानं बघितलाय!" काचेवरून हात फिरवत होते. ठसे पडतील म्हणून मी हात बाजूला केला.

१२ नोव्हेंबर

ऑपरेशन झाले. देवा-धर्मातले नाही मी, तरी हात जोडले गेले.

१४ नोव्हेंबर

पट्टी काढली. घरी आल्यावर आप्पांनी आधी आईकडे पाहिले. "म्हातारी झालीस की गं!" आई म्हणाली, "तुमी काय नवरदेव हाईसा व्हय?" सगळे हसलो.

मग भिंतीवरच्या फोटोपाशी गेले.

"ह्यो असा हुता व्हय?"

मी म्हणालो, "आपण पाहिला तोच."

"न्हाई रं. मला खालचा कुटला तरी दिवा दिसत हुता. त्योच आसंल म्हटलं. तू एवढा खूश हुतास."

आई चुलीपाशीच होती. मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "तवाच सांगणार हुते. तुजं ध्यान कुटं हुतं?"

१५ नोव्हेंबर

प्रोग्राममध्ये ३० मार्च टाकली. आला. वायव्येला, जिथल्या तिथे. आप्पांना काय दाखवू? पडद्यावर नुसता ठिपका. तारीख पुढे सरकवत गेलो. परत यायला दोन हजारांवर वर्षे.

२५ मार्चला ऑपरेशन झाले असते तर एप्रिलअखेर घराच्या गच्चीवरून दाखवला असता. डोंगरावरचा फोटो निघाला नसता, एवढेच.

१६ नोव्हेंबर

चौथी फ्रेम आज पहिल्यांदा मोठी करून पाहिली. बॅटरीच्या उजेडात आप्पा धूमकेतूकडे पाठ करून उभे आहेत. हात पुढे. मी जिथे होतो, तिकडे तोंड.

घरी आल्यावर विचारले, खरंच गाडी आली वाटलं होतं का?

"न्हाई रं. तू कडंला गेलतास. आवाज बंद झाला तुजा. कुटं हाईस त्ये दिसंना, म्हणून लावली."