कंबर, डावी बाजू

आर्वी, ३ डिसेंबर १९७८
आजपासून कंबरदुखीवर चौफेर हल्ला. सकाळी डॉक्टरांची गोळी, दुपारी नत्थूजी वैद्यांचा काढा, संध्याकाळी मातीची पट्टी, झोपताना बेलाडोना प्लास्टर. एकेका उपचाराला ती दाद देत नाही. सगळे मिळून तुटून पडले की पळेल.
कोकिळा थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला तिच्या सासरी, जामला गेली ती गेलीच. बारसं होऊनही महिना झाला. बरंच आहे. ठणठणीत झाल्यावरच तिला बोलावणार. बायको घरात असली की माणूस आळशी होतो.

५ डिसेंबर
काढ्यावर लगेच गोळी घेतली. उलटी. डॉक्टर म्हणतात, काढा बंद करा. वैद्य म्हणतात, गोळी बंद करा.
प्लास्टर लावायला मागे हात पोचत नाही. ते खातं कोकिळाचं. शेवटी चिकट बाजू वर करून प्लास्टर खाटेवर ठेवलं आणि नेम धरून त्यावर आडवा झालो. डोकं वापरलं की कुणाची गरज लागत नाही.

६ डिसेंबर, सकाळी
प्लास्टर चादरीला चिकटलं. चादरीची कंबर आता जन्मात दुखणार नाही. हा विनोद सांगायला घरात कोणी नव्हतं.

९ डिसेंबर
मातीची पट्टी थंडी संपल्यावर. बाकी उपचार जोरात.
घर फार शांत आहे. कण्हलो तरी ‘आता काय झालं?’ असं कोणी विचारत नाही. नुसतं कण्हण्यात काही अर्थ नाही.

१० डिसेंबर, रविवार
जामला जाऊन आलो. फक्त नातू बघायला. प्लास्टर सहज बरोबर घेतलं होतं.
कोकिळा पालथी पडलेली. थोरली तिची कंबर गरम रेतीच्या पुरचुंडीने शेकत होती. हे कधीपासून, विचारलं. म्हणाली, लय वर्सं झाले दुखून राह्यली, तुमच्या दुखण्यापुढं माहा नंबर लागला कवा?
मग उठली आणि माझं प्लास्टर लावून दिलं. एका झटक्यात, नेमक्या जागेवर. घरी कधी येतेस, विचारलं. माही कंबर बरी झाली का येईन, म्हणाली.
येताना बसमध्ये फार वाईट वाटलं.

११ डिसेंबर
नवा निश्चय. कोकिळाचा इलाज आता मीच करणार, सगळ्या पॅथी एकदम. संक्रांतीला ती घरी!
मेडिकलवाल्या प्रभाकररावांनी विचारलं, वहिनींची कोणती बाजू दुखते? वर की खाली? वाकताना की उठताना? मी न अडखळता सगळं सांगितलं. पिशवीभर औषधं घेऊन आलो.

संध्याकाळी
डावी बाजू, खाली, वाकताना. ही तर माझी कंबर.