ब्रझुलागिच घराण्याची चौकशी

अल् घुब्रा, मस्कत
ऑगस्ट २००१

मोहतरम नूरुद्दीनभाई यांना घरच्या जावयाचा, म्हणजे जैनुद्दीनचा, अदबीने सलाम. इकडे आम्ही सगळे अल्लाच्या मेहेरबानीने ठीक आहोत. तुमचा गुडघा, भाभींचा दमा आणि पडवीवरची कौलं कशी आहेत ते सवडीने कळवावं. (गुडघ्याला चोळायला मी इथला मध पाठवला होता, तो भाभींनी शिरखुर्म्यात घातला असं कळलं. हरकत नाही. पोटात गेलेला मधही कधी तरी गुडघ्यापर्यंत पोचतोच.)

पत्र लिहिण्याचं कारण असं की फोनवर तुम्ही "बघू" म्हणता आणि ठेवून देता. पत्र असं ठेवून देता येत नाही, ते वाचावंच लागतं. आमच्या लेकीला, नूरैनला, आलेल्या मागणीवर तुम्ही तिचे मोठे मामू आणि गावच्या जमातीचे प्रमुख, म्हणजे सदर, अशा दोन्ही नात्यांनी एकच सवाल केला होतात, की मुलगा कोणाचा? सवाल रास्त आहे. तो मी गेले काही महिने अंगावर घेतला आणि आज छाती फुगवून कळवतो की चौकशी पुरी झाली. एवढी कसून चौकशी आपल्या तालुक्यात आजवर कुठल्या मुलाची झालेली नाही, आणि इतक्या लांबवर तर नक्कीच नाही.

मुलाचं नाव मिर्साद. इथपर्यंत कुणाची तक्रार नाही. तक्रार आडनावापासून सुरू होते. ते आहे ब्रझुलागिच. (एकदा मोठ्याने म्हणून बघा. दुसऱ्यांदा सोपं जातं. तिसऱ्यांदा पाणी प्यावं.) मुलगा बोस्नियाचा, म्हणजे युरोपातला, गोरापान, पण पिढ्यान् पिढ्यांचा मुसलमान. आमच्याच कंपनीत रस्त्याची मोजणी करणारा इंजिनिअर आहे. सहमकडच्या रस्त्याच्या कामावर मी स्टोअर सांभाळतो आणि तो उन्हात दुर्बिणीला डोळा लावून उभा असतो. त्याची मोजमापं हेड ऑफिसात नूरैनच्या कंप्युटरवर येतात. एकदा ती चुकीची आली म्हणून तिने त्याला फोनवर असं काही झापलं की तो दुसऱ्या दिवशी माफी मागायला मस्कतपर्यंत गाडी हाकत आला. तिथून हे सुरू झालं. (झापण्याचा गुण तिच्या आईकडून आला आहे, म्हणजे तुमच्याच घराण्याकडून, त्यामुळे या प्रकरणाची अर्धी जबाबदारी तुमच्याकडे येते.)

पहिल्या जुम्म्याला तो जेवायला आला तेव्हा तुमच्या बहिणीने, सकिनाने, रीतीप्रमाणे विचारलं, कुठले तुम्ही, कोणाचे, तिकडे कोण कोण असतं. आपल्या लोकांत या तीन प्रश्नांत नातं सापडतंच. मागे रुवीच्या बाजारात एकाने मला धक्का मारला. मी शिव्या घालायला तोंड उघडलं, आणि भांडण रंगात यायच्या आत तो तुमच्या सफूराफुफूच्या, म्हणजे आत्याच्या, जावयाचा चुलतभाऊ निघाला. शेवटी चहा मलाच पाजावा लागला. मिर्सादच्या बाबतीत मात्र प्रश्न संपले, सांदणं संपली, नातं काही निघेना. त्याच्या गावात आपलं कुणी नाही, तालुक्यात कुणी नाही, अख्ख्या मुलखात आपण कुणाला मुलगी दिलेली नाही की कुणाची केलेली नाही. तो बिचारा ताटावर हात धरून "बस झालं, बस झालं" म्हणत होता. (मराठीतले एवढेच शब्द त्याला येतात. नूरैनने शिकवले आहेत, आणि सकिना ते मानत नाही.) सकिना स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "पोरगा गुणाचा हाय. पण याला बांधायचा कुठं?" आणि वर हुकूम सोडला, "दादा हो बोलल्याशिवाय मी हळदीला हात लावणार नाय."

तेव्हा मी म्हटलं, आडनाव आहे ना, मग त्याचं मूळही असणारच. ते खणून काढतो. प्रथम खुद्द मिर्सादला विचारलं. त्याच्या आजोबांच्या सांगण्याप्रमाणे मूळ पुरुष एका बकरीवरून भांडण करून गाव सोडून पळाला, आणि नव्या गावाने त्याला हे नाव चिकटवलं. ही हकिगत मी बाजूला ठेवली. मुलाला स्वतःच्या घराण्याची काय माहिती असणार! मग मी अल् खुवैरच्या तुर्की न्हाव्याकडे गेलो, कारण तुर्कांनी त्या मुलखावर शेकडो वर्षं राज्य केलं आहे. त्याने माझ्या गळ्याला वस्तरा लावूनच आडनाव ऐकलं, डोळे मिटले (वस्तरा तसाच होता) आणि छातीठोकपणे सांगितलं की हे साबण बनवणाऱ्यांचं आडनाव. मी लगेच मान्य केलं, मानेचा प्रश्न होता. तरी दुसरं मत असावं म्हणून मदिनत सुलतान काबूसमध्ये आमच्या साहेबांच्या शेजारी पियानो शिकवणाऱ्या बाई राहतात त्यांना गाठलं. बाई चेकोस्लोव्हाकियाच्या आहेत. (तो देश मोडला. बाई शाबूत आहेत.) त्यांची बोली आणि बोस्नियाची बोली चुलत बहिणी लागतात म्हणे. बाईंनी तीनदा आडनाव म्हणवून घेतलं, हसल्या, आणि म्हणाल्या, यात नाशपातीचं झाड असावं. आता दोन जाणकारांची दोन मतं पडली तर अडाणी माणूस गोंधळतो. मी नाही गोंधळलो. दोन्ही जोडली. ब्रझुलागिच म्हणजे नाशपातीच्या बागेचे मालक आणि जोडीला साबणाचा धंदा. तुमच्यासारख्या आंब्याच्या बागायतदाराला नाशपातीच्या बागायतदाराशी सोयरीक करताना कमीपणा वाटायचं कारण नाही, आणि साबणवाले म्हणजे स्वच्छ लोक.

मूळ सापडलं, आता विस्तार किती तो पाहावा, म्हणून नूरैनला म्हटलं, हे आडनाव इंटरनेटवर टाक. तुम्हाला इंटरनेट म्हणजे काय ते पत्रात सांगणं कठीण आहे. एवढंच समजा की सगळ्या जगाच्या जमातीचा सदर त्यात बसला आहे आणि विचाराल त्याचं उत्तर देतो, फक्त तुमच्यापेक्षा हळू. त्याने बराच वेळ घेतला आणि कळवलं, या आडनावाचं कुणी नाही. नूरैनने स्पेलिंग बदलून पाहिलं, ते टोपी घातल्यासारखं चिन्ह शेवटच्या अक्षरावर चढवून पाहिलं, काढून पाहिलं. कुणी नाही. मी म्हटलं, दुर्मीळ वस्तू नेहमी भारीच असते. आपल्याकडे परकार म्हणून हाक मारली तर अर्धं बंदर मागे वळतं, त्यात काय शान! (आमचंही आडनाव गावात एकाच घराचं. केळथरकर. केळथर हे गाव कुठे आहे ते मलाही अजून सापडलेलं नाही, पण तो विषय वेगळा.) सकिनाला मात्र हे पटलं नाही. ज्याच्या आडनावाचं जगात कुणी नाही, त्याने काय केलं असेल, की त्याच्या लोकांनी काय केलं असेल, असं तिच्या मनाने घेतलं. ती रात्री जेवली नाही. नूरैनही जेवली नाही. मी जेवलो, कारण चौकशी करणाऱ्याला ताकद लागते.

दुसऱ्या दिवशी सहमहून येताना मिर्साद माझ्या गाडीत होता. मी त्याला सरळच विचारलं, की बाबा रे, तुमची माणसं गेली कुठे?  तो खिडकीतून खजुराच्या बागा बघत त्याच्या त्या मोडक्या हिंदी-इंग्रजीत म्हणाला की चाचा, तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधता आहात, आमच्या आडनावाची माणसं बघायची तर गावच्या कबरस्तानात चला, तिथे आम्ही पुष्कळ आहोत. लढाईच्या वर्षांत एका उन्हाळ्यात सगळे तिकडे गेले, आई-वडील, भाऊ, चुलते. हा शिकायला शहरात होता म्हणून राहिला. मी गाडीचा एसी वाढवला, दुसरं काय करणार होतो. वाईट वाटलं, नूरुद्दीनभाई, फार वाईट वाटलं. चौकशी तिथेच सोडावी असंही वाटलं. पण तुम्ही मला ओळखता. हातात घेतलेलं काम मी सोडत नाही, आणि सकिना मला सोडू देत नाही.

अशा वेळी आपल्या माणसाच्या उपयोगी कोण पडतं? दर्यावर्दी माणूस. सफूराफुफूचा जहूर ज्या जहाजावर आहे ते जूनमध्ये त्या बाजूला, क्रोएशियाच्या एका बंदरात माल भरायला लागणार होतं. ते बोस्नियाच्या शेजारीच. (शेजारी म्हणजे आपण आणि गुहागर समजा, मध्ये डोंगर.) मी जहूरला कळवलं, बंदरात उतर, फोनची डिरेक्टरी बघ आणि ब्रझुलागिच नावाचं कुणी सापडलं तर आपल्या पद्धतीने चौकशी कर. सोबत ओमानी हलव्याचा डबा धाडला. आणि भाई, सापडलं! त्या शहरात एक, अगदी एकच. लढाईत घर गेलं म्हणून तिथे येऊन राहिलेली एक म्हातारी बाई. जहूर हलवा घेऊन जिने चढला, दारावर ते आडनाव वाचलं, बेल वाजवली, आणि बाईंनी दार उघडल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला यांची भाषा येत नाही. तेव्हा त्याने आधी सलाम केला, मग फक्त "मिर्साद ब्रझुलागिच" म्हटलं आणि दोन बोटं एकमेकांत अडकवून निकाहची खूण केली. बाईंचा समज झाला की हाच मिर्साद आणि आज त्याचा निकाह आहे हे सांगायला आला आहे. त्यांनी याला मिठी मारली, बसवलं, खिम्याची रोटी वाढली आणि रडल्या. जहूरही रडला. (तो विमानतळावर अनोळखी माणसांना निरोप देतानाही रडतो.) शेवटी खालच्या मजल्यावरून इंग्रजी येणारी मुलगी आणली, तेव्हा उलगडा झाला. बाईंचा आणि मिर्सादचा काही संबंध नाही. गाव वेगळं, जिल्हा वेगळा. हा कोण तेही त्यांना ठाऊक नव्हतं. मग मुलीने विचारलं, तर तुमचा कुणीच नाही ना तो? बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, असं कसं, हे आडनाव लावतो म्हणजे आमचाच.

जहूरने फोनवर मला जो अहवाल दिला तो तसाच्या तसा देतो, कारण तो तुमच्या पसंतीच्या नमुन्यात आहे. घर दोन खोल्यांचं पण लख्ख. बाईंची तब्येत बरी, दात स्वतःचे. जेवणात मीठ कमी. बोलणं मऊ. शेजाऱ्यांत इज्जत आहे. जिन्यावरच्या तिघांना विचारलं, तिघांनीही मान हलवली. (वर की आडवी ते त्याने सांगितलं नाही, मी वर समजतो.) निघताना बाईंनी मुलासाठी हाताने विणलेले लोकरीचे मोजे दिले. ते जुलैत इथे पोचले. ओमानातला जुलै तुम्हाला ठाऊक नाही, रस्त्याचं डांबर बुटाला लागून घरी येतं. मिर्सादने मोजे हातात घेतले, उलटसुलट केले, आणि तिथेच आमच्या सोफ्यावर बसून पायात घातले. ते घालून तो कामावर गेला. सहमच्या उन्हात, दुर्बिणीपाशी, गुडघ्यापर्यंत लोकर. मुकादम त्याला म्हणाला, "अर्बाब, पाय शिजेल." (अर्बाब म्हणजे इथला साहेब.) त्याने ऐकलं नाही. हे ऐकून सकिना दोन्ही वेळा जेवली.

तर मूळ कळलं, विस्तार कळला, अहवाल आला. मुलगा कोणाचा, याचं उत्तर मिळालं असं मी धरून चालतो. डिसेंबरात सुट्टी आहे. भाभींना सलाम, मुलांना दुआ.

तुमचा,
जैनुद्दीन केळथरकर

ता. क. निकाह गावीच करायचा आहे. त्यासाठी मुलाच्या जमातीचं पत्र लागेल हा नियम तुम्हीच केला आहे आणि तो चांगलाच आहे. पण मिर्सादच्या जमातीत पत्रावर सही करायला कुणी उरलेलं नाही. तेव्हा एक छोटं काम करा, त्याचं नाव आपल्याच जमातीत घाला. गावच्या नावाच्या रकान्यात काय लिहायचं ते तुमच्यावर सोडतो. केळथर लिहिलंत तरी चालेल, तिथून कुणी तक्रार करायला येणार नाही.

ता. क. दोन. साबण आणि नाशपातीचं तूर्त गावात कुणाला सांगू नका. न्हावी आता म्हणतो, साबण नव्हे, खोगीर. बाई म्हणतात, त्यांनी नाशपाती फक्त गंमत म्हणून सांगितली होती. बकरीचं भांडण मात्र अजून कुणी नाकारलेलं नाही.

ता. क. तीन. मांडवात नवऱ्याकडच्या गादीवर मिर्साद एकटा बसणार आहे, हे माझ्याने बघवणार नाही. तुम्हाला आठवत असेल, माझ्या निकाहला त्या गादीवर मीही एकटाच होतो. बाप नव्हता, आडनावाचं दुसरं घर नव्हतं, आणि तुम्ही महिनाभर एसटीने केळथर शोधत हिंडून रिकाम्या हाताने परत आला होतात. मुलगा कोणाचा, असं तुम्ही भर मांडवात विचारलंत. मला जमिनीत जावंसं वाटलं होतं. तेव्हा तुमचे बाबा नवरीकडून उठले, येऊन माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, आज मी नवऱ्याकडचा. मुलगा माझा. नूरुद्दीनभाई, मी एवढं लांबलचक लिहिलं ते या एका गोष्टीसाठी. ती जागा यंदा तुम्ही घ्या.

ता. क. चार, सकिनाच्या हातचं. दादा, यांचं पत्र पुरं होईस्तोवर माझी हळद दळून झाली. तुम्ही नवऱ्याकडं बसा. नवरीकडं मी एकटी पुरे.