दंडावरची फुली

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात, त्याहून आता मीच वयाने मोठा झालो आहे. तरी एक संशय डोक्यातून जात नाही, आणि तो विचारावा असं तुमच्याशिवाय कुणी नाही. भोसरी ते चाकण आणि परत, अशा त्या शर्यतीत तुम्ही माझ्या दंडावर फुली मारलीत. तुम्हाला नक्की काय कळलं होतं? आणि कळलं होतं, तर मला कधी विचारलं का नाहीत?

तुम्ही चाकणच्या कांदाबाजारात मापाडी होतात. तुमचा कुणावर विश्वास नसायचा आणि त्याबद्दलच तुम्हाला मान होता. पोत्याच्या तोंडाशी चकचकीत कांदा दिसला की तुम्हाला आधी शंका यायची. कोपरापर्यंत हात आत घालून तुम्ही तळाचा कांदा वर काढायचात, हुंगायचात. मलाही सांगायचात, "वरचं बघून मान हलवू न्हाई. हात घालून बघायचं." माल चोख असला तर पोत्यावर काळ्या शाईचा लाकडी शिक्का बसायचा. मनात काही आलं तर त्याच शिक्क्यावर तुम्ही बोटाने फुली मारायचात. फुलीचं पोतं बाजूला ठेवायचं, बाजार उठायच्या आत शेतकऱ्यासमोर मोकळं करून पुन्हा तोलायचं, आणि सगळं बरोबर निघालं तर शेजारी दुसरा शिक्का मारायचा. बाजारातल्या हमालांना ही खूण ठाऊक होती, बाहेर कुणालाच नव्हती.

मी तेव्हा पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात बाटल्या धुवायच्या कामावर होतो. सायकल नव्हती, म्हणून भोसरीहून शेतांच्या वाटेने पळतच जायचो, आणि हळूहळू मला त्या पळण्याचीच गोडी लागली. त्या वर्षी जत्रेत कुस्त्यांच्या जोडीला ही शर्यत ठेवली. दिघीच्या छावणीतला एक जवान पळणार म्हटल्यावर जो तो त्याचंच कौतुक करू लागला. पळणारा खरंच चाकणपर्यंत गेला की वाटेतूनच माघारी फिरला, हे कळावं म्हणून पंचांनी ठरवलं की बाजाराच्या दाराशी मापाड्याने प्रत्येकाच्या दंडावर पोत्याचा शिक्का मारायचा. बापच मुलाला शिक्का मारणार म्हणून दोघातिघांनी कुरकुर केली. पंच म्हणाले, "अवो, त्यो सख्ख्या पोराला बी तोलून घेईल." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

मोशीपर्यंत जवान आणि मी बरोबरीने पळतो आहोत. सायकलवरून मागे येणाऱ्या पंचाचं चाक मोशीत पंक्चर होतं. खरं पंक्चर होतं की त्याला कंटाळा आला होता, याची मला आजही खात्री नाही. इंद्रायणीचा पूल ओलांडतो तेव्हा जवान एका वळणाएवढा मागे पडला आहे. पुढे चढ लागतो आणि माझ्या बरगडीखाली कळ येते, अशी की वाकूनच पळावं लागतं. तेवढ्यात मागून एक रिकामा मालट्रक गुरगुरत चढतो. ड्रायव्हर खडकीचा चाचा, कांदा भरायला निघालेला, तुमच्या ओळखीचा. खिडकीतून डोकं काढून म्हणतो, "आ रे भाई, बैठ. काय को जान देता है?" मी ट्रकच्या मागच्या फाळक्याला धरून आत चढलो. फक्त चढ संपेपर्यंत, असं मनाशी म्हटलं. चढ संपला तरी उतरलो नाही. चाकण दिसायला लागल्यावर एका वडापाशी उडी मारली आणि पुन्हा पळू लागलो.

बाजाराच्या दाराशी तुम्ही शिक्का घेऊन उभे होतात. मला बघून तुम्ही आधी सूर्याकडे पाहिलंत.

"जवान कुठाय?"

"मागं हाय."

"किती मागं?"

"लई."

तुम्ही माझे पाय पाहिलेत. मग माझ्या केसांत हात घातलात आणि कांद्याचा एक सुकलेला पापुद्रा काढलात. दोन बोटांत धरून तो उजेडात पाहिलात. मी लगेच म्हणालो की बाजारात वारा सुटलाय, सगळीकडे हेच उडतंय. तुम्ही मान वर करून दारावर सावलीसाठी बांधलेल्या कापडाकडे पाहिलंत. ते हलत नव्हतं. मग तुम्ही माझ्या दंडावर शिक्का दाबलात, बोट शाईत बुडवलंत आणि त्यावर शांतपणे फुली मारलीत. "पळ," एवढंच म्हणालात.

मी पळालो. परतीचे सगळे मैल मात्र माझ्याच पायांनी पळालो, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो. भोसरीत पहिला पोहोचलो. पंचांनी दंड उलटापालटा करून विचारलं, "ही फुली कसली रं?" मी न अडखळता म्हणालो, "पयला पोचलो म्हणून आबांनी खूण केलीया." त्यांनी मला उचलूनच घेतलं. जवान आला तेव्हा गुडघ्यांवर हात टेकून माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "लई पळलास राव. चढावर दिसलाच न्हाईस." त्यात कौतुक होतं की आणखी काही, हे मी पुढे कितीतरी दिवस घोळवत राहिलो.

संध्याकाळी तुम्ही घरी आलात. बक्षिसाची पितळी घागर आईने चुलीशेजारी मांडली होती. तुम्ही हात धुतलेत, घागरीकडे पाहिलंत आणि मला विचारलंत, "पाय दुखत्यात का?" मी "व्हय" म्हटलं. बस्स, तेवढंच. त्या घागरीतलं पाणी तुम्ही पिता की नाही, यावर मी पाळत ठेवली होती. तुम्ही रोज प्यायचात, आणि तुमच्या चेहऱ्यावरून मला कधी काही कळलं नाही.

दंडावरची फुली आठवड्याभरात गेली. दुसरा शिक्का तुम्ही मारला नाहीत आणि फेरतोलही केला नाहीत. मला आधी वाटलं, मापाड्याचाच मुलगा लबाड निघाला तर तुमच्या काट्यावर कोण विश्वास ठेवील, या भीतीने तुम्ही गप्प बसलात. मग वाटलं, चाचाने सांगितलं असेल. मग वाटलं, तुम्ही मला आयुष्यभर टांगून ठेवण्याची शिक्षाच दिलीत. या संशयापायी मी तुमच्याशी धड बोललो नाही. शेवटच्या आजारातही तुमच्या उशाशी बसून, आता विचारतील, मग विचारतील, अशी वाट पाहत राहिलो. तुम्ही औषधाची वेळ विचारलीत. तेव्हा मला तुमचा फार राग आला, आबा, आणि त्या रागातच तुम्हाला पोहोचवून आलो.

माझी बाजू मी अशी मांडत आलो, की तुम्ही एकदा विचारलं असतंत तर मी पाया पडून सगळं सांगितलं असतं. हे पत्रही तेवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं. ते कुठे पाठवायचं नाही, ट्रंकेत तळाशी ठेवून द्यायचं. पण आत्ता, हे लिहीत असताना, चहाचा कप ठेवायला आलेल्या सूनबाईने सहज विचारलं, "आबा, सकाळपासनं काय लिहिताय एवढं?"

मी कागदावर हात ठेवला आणि म्हणालो, "काही नाही, नळाच्या तक्रारीचा अर्ज."